टाके निघाल्यानंतरचे दहा महिने

मी वेल्डर आहे. अहमदपूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. गेट, खिडक्या, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड, जे काम येईल ते करतो. लिहायची सवय नाही. पण हर्नियाच्या ऑपरेशननंतर माझ्यासोबत जे झालं, ते अनेकांसोबत होतं आणि कुणी कुणाला सांगत नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून लिहून ठेवतोय. नवरा-बायकोतल्या गोष्टी यात येतील. वाचताना अवघड वाटलं तर थोडं थांबा आणि मग पुढं वाचा. लिहिताना मीही तसंच केलं.

गाठ

त्या साली आमच्याकडं लागोपाठचा दुष्काळ होता. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणत होते, यावरून आमच्या गावाचं काय झालं असेल ते समजा. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. ज्याच्या घरी साठवायला भांडं मोठं, त्याचं भागायचं. म्हणून जो तो प्लॅस्टिकची टाकी घेत होता, आणि टाकी आली की लोखंडी स्टँड आलंच. दुष्काळानं सगळा बाजार बसवला, माझं काम तेवढं वाढवलं. याची मला आतून लाज वाटायची, पण काम सोडलं नाही.

एका दुपारी आमच्या गल्लीत टँकर आला. गर्दीत पाइप आमच्या ड्रमपर्यंत पुरेना. मी ड्रम बाहेर नेला, अर्धा भरून घेतला आणि एकट्यानंच उंबऱ्यावरून आत ओढला. उजव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं झालं. फारसं दुखलं नाही. दोन दिवसांनी अंग धुताना हाताला गाठ लागली, लिंबाएवढी. आडवं झालं की आत जायची, उभं राहिलं की पुन्हा बाहेर.

दोन महिने मी ती हातानं दाबत काम केलं. माझे वडील, म्हणजे अप्पा, घशाच्या गाठीनं गेले. गाठ म्हटलं की माझ्या डोक्यात एकच रोग यायचा, आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं म्हणून मी दवाखान्याकडं फिरकलो नाही. माझ्या बायकोनं, महानंदानं ओळखलं. शिडी उतरताना माझा हात कुठं जातो ते तिनं पाहिलं होतं. एका सकाळी तिनं माझा डबा भरलाच नाही. म्हणाली, आधी दवाखाना, मग दुकान.

गावातल्या डॉक्टरांनी मला उभं केलं, जांघेवर बोटं ठेवली आणि खोकायला सांगितलं. मी खोकलो. हर्निया आहे, म्हणाले. पोटाची आतली भिंत तिथं विरली आहे, त्यातून आतडं बाहेर डोकावतं, आत जाळी बसवून शिवून टाकायचं, साधं ऑपरेशन. कॅन्सर नाही एवढंच मी ऐकलं. बाहेर येऊन महानंदाला गरम भजी खाऊ घातली. माझ्याएवढा खूश पेशंट त्या दिवशी गावात दुसरा नसेल.

लातूरचा वॉर्ड

ऑपरेशन लातूरला झालं. मंगळवार ठरला होता, तो गुरुवारवर गेला, कारण रुग्णालयाचा पाण्याचा टँकर आला नाही. पेशंटच्या माणसांनी वापरायचं पाणी घरून आणावं, असं सांगितलेलं होतं. महानंदा अहमदपूरहून बसनं दोन कॅन घेऊन यायची. वॉर्डात फरशी अर्ध्या बादलीत पुसायचे, आणि ती पुसणाऱ्या मावशी इतक्या मन लावून पुसायच्या की मला बघत राहावंसं वाटायचं. शेजारच्या खाटेवर जळकोटकडचे एक म्हातारे होते. त्यांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी, आमचे कॅन यायच्या आधी, न विचारता माझ्या उशाला तांब्या भरून ठेवला. त्या दिवसांत भरलेला तांब्या ही लहान गोष्ट नव्हती.

कमरेत सुई दिली आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. जीभ कोरडी पडली होती. डॉक्टर काम करता करता सहायकाशी नव्या जिल्ह्याचं बोलत होते. तेव्हा सगळीकडं तेच चालायचं, उदगीर जिल्हा होणार, मग कुठला तालुका तिकडं जाणार. त्यांनी मलाही विचारलं, तुमचं अहमदपूर कुणीकडं जाणार म्हणून. मी म्हणालो, जिकडं पाणी हाय तिकडं. पडद्यामागं सगळे हसले आणि माझी भीती निम्मी झाली.

तिसऱ्या दिवशी मलमपट्टीच्या वेळी मी खाली पाहिलं आणि हबकलो. जांघेपासून खाली सगळं काळंनिळं झालेलं, अंडकोश सुजून दुप्पट. ड्रेसर म्हणाला, होतं असं, उतरतं. तो खरंच बोलत होता, तीन आठवड्यांत ते सगळं उतरलं. पण तेवढ्या दोन शब्दांवर माझं समाधान झालं नव्हतं, आणि बाजूला नर्सताई उभ्या होत्या, म्हणून मी पुढं विचारलं नाही. घरी सोडताना कागद दिला. वजन उचलायचं नाही, मोटारसायकल इतके दिवस नाही, काय खायचं, जखम कशी जपायची. नवरा-बायकोच्या संबंधाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. माझं वय तेव्हा अडतीस होतं.

पहिली वेळ

दहाव्या दिवशी टाके निघाले. पुढचे दोन महिने मला घागरसुद्धा उचलायची नव्हती. पाणी महानंदानं ओढलं. गल्लीतले लोक बघायचे, धडधाकट माणूस ओट्यावर बसलाय आणि बायको ड्रम ढकलतेय. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणतो, ती पदर खोचून मदतीला जायची. आमची मुलगी गौरी तेव्हा तिसरीत होती, ती तिच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायची. मला वाटायचं, एवढे दिवस गेले की सगळं पहिल्यासारखं होईल.

मग डॉक्टरांनी तपासून दुकान सुरू करायला सांगितलं. जखम भरली होती. त्याच आठवड्यात मी आणि महानंदा जवळ आलो. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी, वीर्य बाहेर पडायच्या क्षणी, जांघेतून खाली अंडकोशापर्यंत अशी कळ गेली की माझा श्वास थांबला. काम करताना उडालेली ठिणगी बुटात शिरावी आणि बूट काढता येऊ नये, तशी. मी तोंड भिंतीकडं केलं. महानंदानं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, पायात गोळा आला.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी कळ आलीच नाही, कारण तिथपर्यंत गेलोच नाही. शरीर आधीच घाबरून बसलं होतं. मनात इच्छा होती, बाकी काही नव्हतं. महानंदा म्हणाली, असू द्या, दमला असाल. तिनं ते मायेनं म्हटलं, पण मला ते फार लागलं.

त्यानंतर मी माझ्या मनाशीच निदान केलं. आतली जाळी सरकली असेल, नाहीतर ऑपरेशनमध्ये एखादी शीर कापली गेली असेल. आपण पुरुष म्हणून संपलो. या निदानाला मी कुणाची सही घेतली नाही आणि त्याच्यावर चार महिने जगलो.

टाळाटाळ

मी घरी उशिरा जाऊ लागलो. दुकान बंद केलं की समोरच्या हॉटेलात बसायचो. तिथं रोज नव्या जिल्ह्याची मांडणी व्हायची. कुणी म्हणायचं, कलेक्टर ऑफिस अमुक रस्त्याला होणार, कुणी शपथेवर सांगायचं की घोषणा येत्या आठवड्यात आहे. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. महानंदा आणि गौरी जेवून झोपल्या असतील एवढा वेळ जायला हवा होता, बस. उकाड्याचं निमित्त करून मी अंथरूण ओट्यावर टाकायला लागलो.

महानंदानं एकदा सरळ विचारलं, माझं काही चुकलंय का. मी तिच्यावर खेकसलो की कामानं जीव जाऊन राहिलाय आणि तुला हे सुचतंय.  लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मी तिच्याशी तसं कधी बोललो नव्हतो.

उदगीरच्या रस्त्याला एक तंबू लागायचा, पुरुषांच्या सगळ्या तक्रारींवर खात्रीचा इलाज अशी पाटी असलेला. मी अहमदपूरचा, उदगीरला मला कोण ओळखतंय, म्हणून गेलो. त्या माणसानं माझी नाडी धरली, मान हलवली आणि म्हणाला, वेळेवर आलात. काळपट पावडरच्या पुड्या दिल्या. हर्नियाचं ऑपरेशन झालंय हे मी सांगितलं, तर तो म्हणाला, त्याचा याच्याशी संबंध नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एका गच्चीवर टाकीचं स्टँड बसवत होतो. तोंड गरम झालं, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. शिडी खाली सत्तारभाईंनी धरली होती म्हणून वाचलो.

सत्तारभाई म्हणजे माझ्या शेजारच्या लेथ मशीनच्या दुकानाचे मालक. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, मोठ्या कामाला आम्ही एकमेकांसोबत जातो. त्यांनी मला सावलीत बसवलं, शर्टाची गुंडी काढायला गेले आणि खिशातली पुडी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी वास घेतला. "बसू, ये क्या खा रा तू?" म्हणाले; मला ते बसूच म्हणतात.   पुडी नालीत रिकामी केली आणि एवढंच म्हणाले, जी तकलीफ डॉक्टरला सांगता येत नाही तिचा इलाज तंबूत होत नसतो. मला वाटलं यांना कळलं. त्या लाजेनं मी आठ दिवस त्यांच्या दुकानाकडं बघितलं नाही.

कापसाचा बोळा

अव्वाला दुसरं नातवंड हवं होतं. ऑपरेशनच्या आधीपासून तिचं ते चालूच होतं. गौरी आठ वर्षांची झाली, आता उशीर नको. मी ऐकून सोडून द्यायचो. पण माझं ओट्यावर झोपणं तिच्या लक्षात आलं नाही, किंवा तिनं त्याचा वेगळाच अर्थ लावला. तिला वाटलं, महानंदालाच दिवस राहत नाहीत.

एका दुपारी जेवायला घरी गेलो तर महानंदा नुकतीच आलेली, चेहरा उतरलेला. ताट वाढताना तिच्या हाताच्या लवणीत पट्टीनं चिकटवलेला कापसाचा बोळा दिसला. मी विचारलं, हे काय. ती काही नाही म्हणाली. तेवढ्यात आतून अव्वा बोलली की दोघी लातूरला जाऊन आलो, बायकांच्या दवाखान्यात, रक्त दिलं, सोनोग्राफी झाली, पुढच्या खेपेला नळीची तपासणी करायची म्हणतात, ती जरा दुखते.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. चार महिने होत आले होते, आमच्यात काहीच नव्हतं. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस सकाळी लवकर उठून, बसनं लातूरला जाऊन, सुया टोचून घेऊन आलं होतं आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

अव्वा शेजारी गेली तेव्हा मी महानंदाला विचारलं, तू काहून गेलीस.

"मंग काय सांगू अव्वाला?" ती म्हणाली. "तुमचं नाव सांगू?"

मी खाली बसलो. मग सगळं सांगितलं. कळ कशी येते, मग भीती कशी वाटायला लागली, मग भीतीनंच सगळं कसं बंद पडलं, पावडर, शिडी, सगळं. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हतो. बोलून झाल्यावर वर पाहिलं. ती रडत होती, पण चेहरा मोकळा झाला होता.

"मला वाटलं, तुमाला मी नकोशी झाले," ती म्हणाली. "चार महिने मी त्याच विचारात हाय. दुखतंय म्हणून सांगितलं असतं तर मी काय गावात दवंडी पिटली असती?"

मी तिचा हात धरला. तिनं तो झिडकारला, मग थोड्या वेळानं स्वतःच माझा हात धरला. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

अव्वाला सांगणं

संध्याकाळी अव्वा परसात ज्वारी निवडत होती. मी समोर बसलो. आईशी हे बोलायची आमच्यात रीत नाही, शब्द सापडेनात. शेवटी म्हणालो, महानंदाच्या तपासण्या आता बंद, तिच्यात काही खोट न्हाई, ऑपरेशनपासून मलाच तकलीफ हाय.

अव्वाचे हात सुपात थांबले. काय तकलीफ ते तिनं विचारलं नाही. बायामाणसांना कळायचं ते कळतं.

"मंग सांगितलं कामून न्हाई?" ती म्हणाली.

"लाज वाटली, अव्वा."

"तुला लाज वाटली म्हणून तिला सुया टोचू दिल्या?"

मला खरं तर त्या सुयांचं आधी माहीत नव्हतं. पण मी तसं म्हणालो नाही, कारण मूळ मुद्दा तिनं बरोबर धरला होता. ती उठली, आत गेली, आणि मला महानंदाशी बोलल्याचा हळू आवाज आला. काय बोलली ते आजवर मी दोघींनाही विचारलं नाही. त्यानंतर नातवंडाचा विषय अव्वानं आमच्या घरात काढला नाही.

नांदेड

लातूरला त्याच रुग्णालयात जायची माझी हिंमत होईना. आता कळतं की जायला हरकत नव्हती, त्यांनीही ऐकून घेतलं असतं. पण तेव्हा मी नांदेडला मूत्ररोगाच्या डॉक्टरांकडं गेलो, आणि तो पत्ता मला सत्तारभाईंनी दिला. मी त्यांच्या दुकानात जाऊन, मान खाली घालून विचारलं की असं कुणी चांगलं माहीत आहे का. त्यांनी कशासाठी हे विचारलं नाही. आपल्या प्रोस्टेटसाठी ते तिकडं जात होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका भिंतीला दोन दुकानं आणि आम्हाला एकमेकांचं काही माहीत नव्हतं.

महानंदा सोबत आली. बाहेर बाकावर बसते म्हणाली, पण डॉक्टरांनी मला विचारून तिलाही आत बोलावलं. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी तपासायच्या आधी नुसते प्रश्न विचारले, आणि इतके साधे विचारले की जणू मी गुडघेदुखी सांगायला आलोय. कळ कधी येते, लघवीला त्रास आहे का, इच्छा होते का. मग विचारलं, सकाळी जाग येते तेव्हा ताठरपणा असतो का.

मी म्हणालो, हाव, बऱ्याचदा असतो.

"मग तिथली व्यवस्था शाबूत आहे," ते म्हणाले. "तिला भीतीनं अडवून धरलंय. आणि भीती कशाची, तर कळेची. म्हणजे आपल्याला आधी कळेचं बघायचंय."

एवढी दोन-तीन वाक्यं. पण चार महिने मी जे निदान घेऊन फिरत होतो ते तिथंच गळून पडलं.

त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा चांगला, जाळी जागच्या जागी. जखम भरताना आत जो व्रण तयार होतो, त्यात एखादी बारीक संवेदनेची शीर आवळली जाते किंवा वीर्यनलिका ओढली जाते, आणि त्या क्षणी ताण पडला की कळ येते, असं त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवलं. हे काही जणांना होतं, म्हणाले. ऑपरेशन चुकलं असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकांचं वेळेनं आणि औषधानं कमी होतं, नाहीच झालं तर पुढचे इलाज आहेत. पावडरचं ऐकून मात्र ते गंभीर झाले. असल्या पुडीत काय मिसळलेलं असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, हृदयाचा रोगी असता तर शिडी धरणारा असूनही उपयोग झाला नसता, म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी जांघेत, दुखऱ्या जागेवर एक इंजेक्शन दिलं. परतीच्या बसमध्ये लोह्याच्या पुढं माझ्या लक्षात आलं की सीटवर बसताना जो बारीक चिमटा रोज असायचा तो नाही. तो दुसऱ्या दिवशी परत आला, पण बोथट होऊन आला. तो जाऊ शकतो, एवढं मला समजलं होतं.

सहा आठवडे

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, जांघेचे दोन व्यायाम दिले. आणि एक पथ्य दिलं जे मला सगळ्यात विचित्र वाटलं. सहा आठवडे संबंध ठेवायचाच नाही. पण अंथरूण एकाच खोलीत टाकायचं, बोलायचं, हात हातात घ्यायचा, जवळ झोपायचं. परीक्षा नाही म्हटल्यावर भीती कशाची राहील, असं ते म्हणाले.

मी ओट्यावरून आत आलो. पहिले काही दिवस दोघंही अवघडलो. मग गप्पा सुरू झाल्या. अकरा वर्षांत आम्ही पाण्याचं, गौरीच्या शाळेचं, सणावाराचं बोललो होतो. महानंदाला दहावीनंतर शिकायचं होतं आणि शिरूर अनंतपाळच्या तिच्या माहेरी ते कुणी ऐकलं नव्हतं, हे मला त्या सहा आठवड्यांत कळलं.

मध्ये एकदा मला वाटलं की आता जमेल. मी तसं सुचवलं. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. "डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. अजून नऊ दिवस हायत," म्हणाली आणि पाठ करून झोपली. मी अंधारात एकटाच हसत पडलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा, न होण्याचं कारण मी नव्हतो.

दुसरं इंजेक्शन घेऊन आलो आणि मुदत संपली. एका रविवारी दुपारी अव्वा गौरीला घेऊन महादेवाच्या देवळात गेली होती. आम्ही घाई केली नाही. कळ आली. पण ती पूर्वीची नव्हती. दाताखाली खडा आल्यासारखी आली आणि गेली. महानंदानं विचारलं, दुखलं का. मी म्हणालो, दुखलं, थोडं. आणि मग मला रडू आलं, कारण दुखलं असं मी तिला त्याच क्षणी, तिच्याकडं बघून सांगू शकलो होतो.

सगळं सरळ रेषेत बरं झालं असं नाही. पुढच्या महिन्यात दोनदा पुन्हा काही जमलं नाही. पूर्वीचा मी असतो तर ओट्यावर गेलो असतो. आता आम्ही उठून चहा करून प्यायलो. टाके निघून दहावा महिना लागला तेव्हा कळ बहुतेक वेळा यायचीच नाही. आजही जड लोखंडी अँगल उचलला किंवा फार थंडी पडली की तिथं ओढ जाणवते. तेवढी मी सोबत धरून चाललोय. दुसऱ्या लेकराचं आम्ही दोघांनी बसून ठरवलं. काय ठरवलं ते आमच्याकडंच राहू द्या.

नवा जिल्हा अजून झालेला नाही. हॉटेलातली मंडळी अजून तालुके वाटून घेत असतात. मी तिथं आता चहा पिण्यापुरता बसतो.

विश्वनाथ

गेल्या वर्षी महानंदाचा धाकटा भाऊ विश्वनाथ याचं हर्नियाचंच ऑपरेशन झालं. चौतिशीचा, शिरूर अनंतपाळला त्याचं खताचं दुकान आहे, पोती उचलून उचलून हर्निया झालेला. टाके निघून दोन महिने झाले होते. तो एका सकाळी काही काम नसताना माझ्या दुकानात आला. तब्येत कशी विचारली तर म्हणाला, एकदम मस्त, दाजी. मी चहा सांगितला. त्यानं बहिणीची चौकशी केली, भाचीची केली, गेटच्या डिझाइनचं विचारलं. सगळं बोलून झालं तरी तो उठेना. चपलेनं जमिनीवरचा लोखंडाचा भुगा गोळा करत बसला.

मी ओळखलं. हातातलं काम खाली ठेवलं आणि त्यानं काही विचारायच्या आत माझं सगळं सांगितलं. कळ, भिंतीकडं केलेलं तोंड, पावडर, त्याच्या बहिणीच्या हातावरचा कापूस, नांदेड, सहा आठवडे. ग्राइंडर बंद होतं, रस्त्यावर वर्दळ होती, मी आवाज लहान केला नाही.

त्यानं चपलेनं गोळा केलेला भुगा पुन्हा पसरला. मग म्हणाला, "दाजी, मला वाटलं मी एकटाच हाय."

मी त्याच्यासमोरच नांदेडला फोन लावून वेळ घेतली. त्यानं विचारलं, घरी काय सांगू. मी म्हणालो, जे मला सांगितलंस ते. त्याला ते पटायला वेळ लागला. मग तो फोन घेऊन दुकानाच्या बाहेर गेला, उन्हातच उभा राहिला आणि बायकोशी बोलू लागला. आधी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. नंतर गेटच्या खांबाला टेकला. मग खाली पायरीवर बसला आणि बसूनच बोलत राहिला.

त्याचा चहा गार झाला. मी हॉटेलात जाऊन दुसरा सांगून आलो.